मुंबईहून एका दिवसात अलिबाग: लाँच, टूरची बस आणि ट्रेन, तिन्हीचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, सकाळी मुंबईहून निघून रात्री झोपायला घरी असा अलिबागचा बेत असेल तर गेटवेहून मांडव्याची, म्हणजे अलिबागच्या बाजूच्या धक्क्याची, लाँच (प्रवासी बोट) धरा आणि बाकीचे पर्याय बघतच बसू नका. लाँचला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. टूरवाल्यांच्या एका दिवसाच्या बसला दोन, ते पण ड्रायव्हर चांगला होता म्हणून. ट्रेनचं प्रकरण वेगळं आहे, ते पुढे सांगते.

मी नागावची, नोकरी फोर्टात. सोमवारी सकाळच्या लाँचने जायचं, शुक्रवारी संध्याकाळच्या लाँचने यायचं, असं माझं चाललेलं असतं, त्यामुळे नातेवाइकांत कोणालाही अलिबागला यायचं असलं की फोन मलाच. आणि प्रश्न नेहमी तोच, "एका दिवसात सगळं होईल ना गं?" सगळं म्हणजे काय तर कुलाबा किल्ला, नागाव, रेवदंडा, बिर्ला मंदिर, काशीद, मुरूड, जंजिरा आणि येताना मासे. अहो, जंजिरा अलिबागपासून पन्नास किलोमीटरच्या वर आहे, आणि तो रस्ता म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा, वळणावळणाचा, समोरून एसटी आली की एकाने थांबायचं असा.

तर माझा मामेभाऊ आणि वहिनीने डोंबिवलीहून अशी एक टूर बुक केली. कंपनीचं नाव घेत नाही, अशा बऱ्याच आहेत आणि सगळ्यांची पत्रकं एकसारखीच असतात. मी त्या शनिवारी मुंबईतच होते तर वहिनी म्हणाली "ताई तुम्ही पण चला, माहितीचं माणूस असलं की बरं", म्हणून मी पण दादरला पहाटे बसमध्ये चढले. आपल्याच गावाला टुरिस्ट बनून जायची हौस.

बस साडेपाचची, सुटली सव्वासहाला. मग ठाण्याचे लोक, ऐरोलीचे लोक, पनवेलचे लोक असं सगळ्यांना गोळा करत करत कर्नाळ्याच्या पुढे नाश्त्याला थांबली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. नाश्ता म्हणजे कांदेपोहे, त्यात कांदा शोधावा लागत होता. पेण सोडलं आणि वडखळला जे अडकलो ते अडकलोच, शनिवारी सकाळी तिथे दुसरं काही होत नाही, गोव्याकडे जाणारे आणि अलिबागकडे वळणारे दोघंही त्याच तोंडाशी येऊन उभे असतात. मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, कोकणातल्या माणसाला त्यावर आता राग पण येत नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये चालू झाला तेव्हा वाटलं होतं की सुटलो, आणि स्वतःची गाडी असेल तर शिवडीहून पलीकडे खरंच पटकन पोचता, पण पुढे पेण आणि वडखळ आहे तिथेच आहे. आणि टूरच्या बसला तर ठाण्याची माणसं घ्यायची असतात, ती सेतूवरून कशाला जाईल.

अलिबागच्या बीचवर पोचलो तेव्हा भरती. आता कुलाबा किल्ला पाण्यात आहे, ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला नाही, हे पत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिथे होतं "कुलाबा किल्ला दर्शन". मग झालं ना दर्शन, किनाऱ्यावरून! फोटो काढा, वीस मिनिटं, चला बसमध्ये. एक आजोबा खास आतल्या गणपतीसाठी आले होते, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं देऊळ आहे ते, त्यांचा चेहरा एवढासा झाला. टूर मॅनेजर म्हणतो समुद्र काय आमच्या हातात आहे का. समुद्र नाही रे बाबा, पण तारीख तर तुमच्याच हातात होती!

माझी खरी तक्रार हीच आहे. किनाऱ्याची ट्रिप ठरवताना आधी भरती-ओहोटी बघायची आणि मग तारीख, उलटं नाही. मोबाइलवर सगळ्या वेळा मिळतात, पण आमच्याकडचे म्हातारे कॅलेंडरवरची तिथी बघून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. समजा षष्ठी आहे, तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास, आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेदहाला. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण ट्रिप ठरवायला पुरतो. पंचमी-षष्ठीला सकाळच्या लाँचने आलात की किल्ल्यात जायला वेळ बरोबर जमते. पुनवेला आणि अवसेला उधाणाची भरती नेमकी दुपारी बाराच्या आसपास, त्या दिवशी दुपारी किल्ल्याचं नाव काढू नका. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी असते, ते पण ऐकायला सोयीचं, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी तेवढं आत हटत नाही, चपला हातात घेऊन जायची तयारी ठेवा. आत गेल्यावर गोड्या पाण्याची विहीर नक्की बघा, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे ही. आणि पाणी चढायला लागलं की घोडागाडीवाले ओरडतात, तेव्हा सेल्फी सोडून निघायचं.

बरं, टूरचं पुढे सांगते. बस अलिबागहून रेवदंड्याकडे निघाली ती आक्षी, नागाव करत माझ्या घराच्या फाटकासमोरून गेली. आई झोपाळ्यावर बसलेली दिसली! मी म्हटलं पाच मिनिटं थांबवा, सगळ्यांना शहाळं पाजते, तर "मॅडम शेड्यूलमध्ये नाही". आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी, त्यावर बसमध्ये एक शब्द नाही, त्याऐवजी अंताक्षरी. काशीदला अनलिमिटेड थाळी, त्यात पनीर. समुद्रापासून दोन मिनिटांवर पनीर खाल्लं आम्ही, मासे हवे तर वेगळे पैसे, आणि वेगळे पैसे देऊन जी सुरमई आली ती कुठल्या फ्रीजरमधून आली असेल देव जाणे.

जंजिरा मात्र जंजिराच आहे. राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होडीत बसलं की सगळी चिडचिड उतरते. सिद्दीचा किल्ला, कोणाला जिंकता आला नाही, जवळ जाईपर्यंत दरवाजाच दिसत नाही, वर ती कलालबांगडी तोफ. पण होडीवाले परतायला जेमतेम पाऊण तास देतात, लाइनीत आमचा तेवढाच वेळ गेलेला, आणि मॅनेजर घड्याळ दाखवत मागे. रात्री दादरला परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते, म्हणजे दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ खिडकीत. वहिनी म्हणाली, "बघितलं सगळं, पण आठवत नाही काही." जंजिऱ्याला जायचं तर मुरूडला रात्री मुक्काम करा, एका दिवसात नको.

आता लाँच. गेटवेला पहाटेपासून तिकीट खिडक्या चालू असतात, पीएनपी, मालदार, अजंठा अशा कंपन्या आहेत, तिकीट दोन-अडीचशेच्या घरात, एसीत बसायचं तर थोडं जास्त. वर डेकवर बसा, एसीत बसून काय करायचंय. तासाभरात मांडवा, आणि तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, ती पाऊण तासात एसटी स्टँडपाशी सोडते. म्हणजे सातच्या आसपास गेटवेहून निघालात तर नऊला अलिबागात चहा. टूरची बस तेव्हा कर्नाळ्याला पोह्यांत कांदा शोधत असते. फक्त लाँचचं तिकीट फाडून फेकू नका, पुढच्या बसला तेच दाखवायचं असतं, आणि ज्या कंपनीची लाँच तिचीच बस.

अर्धा मार्क कापला तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे लोक सीगलना गाठ्या आणि वेफर्स फेकतात, ते पक्ष्यांना वाईट, आणि अर्धे गाठ्या मागच्या माणसाच्या डोक्यावर पडतात. दुसरं, रविवारी संध्याकाळी मांडव्याला जी गर्दी होते ती विचारू नका. रविवारी येणार असाल तर दुपारी चारलाच अलिबाग सोडा, शेवटच्या लाँचच्या भरवशावर अजिबात राहू नका.

पावसाळ्यात, जूनपासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत, गेटवेच्या लाँच बंद. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो असते, मार्च २०२० मध्ये चालू झाली, गाडी पण आत चढवता येते. मोठी बोट आहे, कमी हलते, ज्यांना बोट लागते त्यांनी एरवी पण हीच धरावी. हवा फारच बिघडली तर ती पण रद्द होते, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा.

आणि ट्रेन. दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, अलिबागला ट्रेनने कसं यायचं. नाही येता येत! पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, पण त्यावरून मालगाड्या जातात, माणसं नाहीत. दिवा-रोहा मेमूने पेणला उतरून एसटीने तासाभरात अलिबाग, हे जमतं, सगळ्यात स्वस्त पण हेच, बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. पण मेमूच्या वेळा सांभाळायच्या, पेणच्या स्टेशनवरून स्टँडला रिक्षाने जायचं, हे सगळं करेपर्यंत लाँचवाल्याचं जेवण होऊन गेलेलं असतं. त्यापेक्षा पेणलाच उतरा, गणपतीचे कारखाने बघा, आषाढ-श्रावणात तर गल्लीगल्लीत मूर्तींवर रंगकाम चालू असतं, आणि कुठे जिताडा मासा मिळाला तर खाऊन परत या. तो स्वतंत्र आणि सुंदर दिवस आहे, कोणी टूरवाला नेत नाही.

ट्रेननेच एका दिवसात कोकण बघायचं असेल तर माझं मत रत्नागिरीला, आणि तेही वंदे भारतने. सीएसएमटीहून पहाटे ५.२५ ला सुटते, पावणेदहाच्या आसपास रत्नागिरी, आणि तीच गाडी मडगावहून उलटी येताना संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास रत्नागिरीला, रात्री साडेदहाच्या आत सीएसएमटी. मधले आठ तास तुमचे. त्यात थिबा पॅलेस, टिळकांचं घर, रत्नदुर्गावरून समुद्र आणि एक नीट जेवण सहज होतं, स्टेशन गावापासून लांब आहे तेवढी रिक्षा आधी ठरवून घ्या. तिकीट एसटीसारखं नाही, खिसा हलका होतो, आणि अलिबागच्या ट्रिपच्या कितीतरी पट पडतं, पण आईवडिलांना घेऊन जायचं तर वसूल आहे. शुक्रवारी गाडी नसते. आणि पावसाळी वेळापत्रक लागलं की ती एक दिवस जाते आणि दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा त्याच दिवशी परत यायचा विषयच संपला. लोक नेमके पावसातच धबधबे बघायला ही ट्रिप ठरवतात आणि परतीचं तिकीट शोधत बसतात.

अलिबागात उतरल्यावर काय करायचं हे पण विचारतात. ओहोटी असेल तर आधी किल्ला. बाजारात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, चालत जा. चुंबकीय वेधशाळा बाहेरून का होईना बघा, मुंबईत विजेच्या ट्राम आल्यावर तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेचं काम बिघडेल म्हणून १९०४ मध्ये ती इथे हलवली. जेवायला बीचसमोरची चकाचक हॉटेलं सोडा, गावात किंवा वरसोली-नागावला घरगुती खानावळी आहेत, सकाळीच फोन करून सांगितलं की तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि त्या दिवशी जो मासा आलाय तो. थंडीत आलात आणि कोणी पोपटी लावत असेल तर लाज न बाळगता बसा, भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा मुंबईत मिळत नाहीत.

पांढरा कांदा घ्यायचा तर फेब्रुवारी ते मे. त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवतात. आमचा कांदा लहान, जरा चपटा, चवीला गोडसर, आणि वेणीसारख्या माळेत बांधलेला असतो, सुटा ढीग दिसला तर पुढे चला. खंडाळे, कार्ले भागात पिकतो, मांडव्याहून येणाऱ्या रस्त्यापासून फार लांब नाही, रिक्षावाल्याला सांगितलं की शेतावर नेतो. माळ लाँचमध्ये हातातच धरा, डेकवर खाली ठेवली तर खारं पाणी लागतं आणि कांदा आठवड्यात सडतो.