कार्डावर तीन डोस, तोंडात दुधाचे दात

वडील गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या घरी आई दिवसभर एकटीच असते. तिला सोबत म्हणून कुत्रं आणायचं ठरलं. विकतचं नको, शेल्टरमधलं दत्तक घेऊ, हा हट्ट माझा.

व्हॉट्सअॅपवर एका शेल्टरची जाहिरात फिरत आली. पिल्लाचा फोटो, खाली ‘दत्तक मोफत, लसीकरण पूर्ण’. फोन लावला तर पलीकडच्या बाईंनीच माझी परीक्षा घेतली. घर स्वतःचं का, गच्चीला कठडा आहे का, गावाला गेलात तर पिल्लू कुणाकडे? एवढ्या चौकशा करणारं माणूस लबाड असेल असं वाटतच नाही हो. शेवटी हळूच, “फी काही नाही सर, फक्त लसींचा खर्च, साडेचार हजार.”

शेल्टर बघायला येतो म्हटलं, तर म्हणाल्या, “बाहेरच्यांच्या चपलांतून पार्वो येतो, म्हणून आत कुणाला घेत नाही.” पार्वो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाबाचा आजार, आणि त्याचा विषाणू चपलांना चिकटून येतो हे खरंच आहे. म्हणून तर मी फसलो.

पैसे आधी पाठवले. होटगी रोडला एका पेट्रोल पंपाजवळ दुचाकीवरून एक पोरगा आला आणि पुठ्ठ्याचं खोकं हातात देऊन गेला. फॉर्म नाही, ओळखपत्र मागणं नाही, मोठं झाल्यावर नसबंदी करा असं लिहून घेणं नाही. कार्ड मात्र झकास! वय चार महिने, एकवीस-एकवीस दिवसांनी तीन डोस, रेबीजची वेगळी नोंद, शिक्का, सही. कार्ड मी दोनदा वाचलं.

पहिल्याच दिवशी त्यानं शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण पळवलं, म्हणून आईनं नाव ठेवलं शेंग्या.

चौथ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. दुपारी उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब. त्याचा वास अंथरलेली चादर तीनदा धुऊनही गेला नाही. डॉक्टरांनी आधी त्याचा ओठ वर केला. “चार महिने? तेव्हा पुढचे दुधाचे दात पडायला लागतात. याच्या दुधाच्या दाढाच अजून पुऱ्या आल्या नाहीत. दीड महिन्याचं असेल.” म्हणजे कार्डावरचा पहिला डोस त्याच्या जन्माआधीचा! मग त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. लस टोचली की कुपीवरचं स्टिकर सोलून तिथे चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. इथे नुसत्या पेनानं लिहिलेल्या तारखा. सहीखाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांकही नाही.

तपासणीत पार्वोच निघाला. तीन दिवस सलाईन चाललं. चौथ्या पहाटे शेंग्या गेला. फिनाईलनं हा विषाणू मरत नाही, ब्लीचच्या पाण्यानं फरशी पुसा, लस न झालेलं पिल्लू इतक्यात घरात आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आई अजून अंगण पुसते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन आठवडा उलटला होता. तो नंबर फसल्याबरोबर लावायचा असतो.

परवा मित्र म्हणाला, “काय बे, माझ्या नंबरवरून मेसेज टाकून बघू की.” दहा मिनिटांत उत्तर आलं. तपकिरी मादी, नवं नाव, सोबत कार्डाचा फोटो. डोसांच्या तारखा तिन्ही त्याच.