जुने बॉयलर की मोठा को-जन? सभेला जाण्याआधीचा हिशेब

सभेच्या आधी साखर कारखान्याचा अहवाल घरी येतो. त्यात एखाद्या वर्षी ‘जुने बॉयलर-टर्बाइन काढून नवा सहवीज प्रकल्प उभारणे’ असा विषय असतो. सहवीज, म्हणजेच को-जन: उसाचा चोथा (बगॅस) जाळून कारखाना चालवायचा आणि उरलेली वीज विकायची. सभेत तो दोन मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ होतो आणि कर्ज पुढे दहा वर्षे आपल्या उसाच्या बिलातून फिटत राहते. मी करवीर तालुक्यातला ऊस उत्पादक सभासद. तेवीस हंगाम बॉयलर हाऊसमध्ये काढले आहेत. म्हणून हात वर करण्याआधी दोन्ही बाजू नीट पाहाव्यात असे मला मनापासून वाटते.

आधी जुन्याचे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या कारखान्यांचे बॉयलर २१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचे. त्या वाफेवर एक युनिट वीज काढायला साधारण १० ते १२ किलो वाफ लागते. ८७ किंवा ११० किलो दाबाच्या नव्या संचात तेच काम ५-६ किलोत होते. टनभर उसातून २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. जुन्या बॉयलर घरात तो जाळून कारखाना आणि कॉलनी कशीबशी चालते. नव्या घरात तेवढ्याच बगॅसवर कारखाना चालून टनामागे ८० युनिटांच्या आसपास वीज विकायला उरू शकते. फरक एवढा मोठा आहे, की ‘जुनेच बरे’ असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

दुरुस्तीचा पर्याय स्वस्त दिसतो, कारण खर्च दरवर्षी थोडा थोडा होतो. ट्यूब बदल, रिफ्रॅक्टरी (भट्टीच्या उष्णतारोधक विटा) बदल, टर्बाइनचा रोटर पाठव. बॉयलरला २५ वर्षे झाली की उर्वरित आयुष्याची तपासणी लागते, आणि तीत दाब कमी करून चालवा असा शेरा आला तर गाळपच घटते. पण जुन्या घराचा एक गुण लोक विसरतात. तिथे तीन-चार लहान बॉयलर असतात. एक बसला तरी बाकीच्यांवर कारखाना रेटता येतो. नव्यात बहुधा एकच मोठा बॉयलर. त्याची ट्यूब फुटली, की थंड होईपर्यंत, वेल्डिंग आणि चाचणी होईपर्यंत सगळेच थांबते. गव्हाणीबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते, ऊस वाळतो आणि वजन शेतकऱ्याचे घटते. मी ती रांग रात्री दोन वाजता पाहिली आहे.

जास्त दाबाचा बॉयलर पाण्याच्या बाबतीतही फार नाजूक. रस आटवणाऱ्या पॅन-इव्हॅपोरेटरकडून परत येणाऱ्या पाण्यात साखरेचा अंश आला तर जुना बॉयलर तो बराच वेळ सोसायचा. ८७ किलोवाला सोसत नाही, ते पाणी लगेच बाहेर सोडावे लागते. म्हणजे प्रयोगशाळेत तिन्ही पाळ्यांना जागता केमिस्ट हवा, आणि परवानाधारक अटेंडंटला वर्षभर पगार हवा. हा खर्च प्रकल्प अहवालात एका ओळीत उरकलेला असतो.

आता आकार किती, हा खरा प्रश्न. नागपूरजवळ कोराडीला महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीने जुने लहान संच बंद करून ६६० मेगावॅटचे तीन संच उभे केले. पण कोळशाचे केंद्र मोठे केले तर जास्त कोळसा रेल्वेने मागवता येतो. आपले इंधन शिवारात उगवते. कोल्हापूर जिल्ह्यात वीसहून अधिक कारखाने, पलीकडे सीमाभागातले कर्नाटकचे कारखाने, सगळ्यांची टोळी एकाच उसावर. महाराष्ट्रात २०२१-२२ ला १३७ लाख टन साखर झाली, २०२४-२५ ला ८१ लाख टनांच्या आसपास. भरल्या वर्षाचा आकडा धरून टर्बाइन घेतला तर कमी उसाच्या वर्षी तो निम्म्या भाराने फिरतो, आणि निम्म्या भारावर युनिटमागे वाफही जास्त खातो.

हिशेब असा मांडा. समजा ६० कोटींचे कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांची परतफेड. पहिल्या वर्षी हप्ता आणि व्याज मिळून १२ कोटी. गाळप ४ लाख टन झाले, टनाला ८० युनिट विकली आणि ५ रुपये दर मिळाला, तर १६ कोटी येतात. गाळप ३ लाखांवर आले की १२ कोटी. त्यातून देखभाल, पगार आणि पूर्वी उरलासुरला बगॅस विकून मिळायचे ते पैसे वजा करा. कमी पडलेले कुठून येणार? उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे, तरी ताण आला की आधी उशीर होतो तो त्याच पैशांना.

बिगरहंगामात बाहेरचा कोळसा जाळून वर्षभर वीज विकू, असेही सुचवले जाते. मला हा भाग सगळ्यात धोक्याचा वाटतो. कोळशाचा भाव आपल्या हातात नाही, विजेचा दर करारात बांधलेला.

माझे मत नव्याच्या बाजूने आहे, पण लहान नव्याच्या. आधी कारखान्यातला वाफेचा वापर उसाच्या वजनाच्या ५० टक्क्यांवरून ४० वर आणा. इव्हॅपोरेटर आणि ज्यूस हीटरवरचा हा खर्च बॉयलरपेक्षा खूप कमी असतो आणि वाचलेला बगॅस लगेच दिसतो. मग उरेल त्या बगॅसवर बॉयलर ठरवा, चालू स्थितीतला एक जुना बॉयलर राखीव ठेवा. धुराड्याला ईएसपी (धुरातली राख विजेने पकडणारे यंत्र) घ्याच, किमतीत घासाघीस करताना पहिली काटछाट तिथेच होते आणि काळी राख आसपासच्या वाड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते.

नदीकाठच्या कारखान्यांनी आणखी एक पाहावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. स्विचयार्ड (वीज बाहेर पाठवायची जागा) आणि केबलचे चर त्या पाण्याच्या वर आहेत का, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आणि प्रकल्प अहवालात गाळप किती धरले आहे ते विचारा. गेल्या पाच हंगामांतले सर्वात कमी गाळप धरून हप्ता निघत असेल तर हात वर करा. सरासरी धरली असेल तर विषय पुढच्या सभेवर ठेवायला सांगा.