लक्झरी गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी: माझे ₹७,०२,२४० गेले, तुम्ही पैसे भरायच्या आधी वाचा

सेकंडहँड लक्झरी गाडी घेताय आणि सेल्सवाला एक्स्टेंडेड वॉरंटीसाठी मागे लागलाय, तर हे पूर्ण वाचा आणि मगच काय ते ठरवा. माझे वॉरंटीचे ₹१,६५,२०० गेले, म्हणजे ₹१,४०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. गिअरबॉक्स खोलून बघायचे ₹३८,५००. क्लेम लटकला तोवर गाडी वर्कशॉपमध्ये उभी होती त्याचे ₹११,८००. आणि शेवटी दुरुस्ती पदरच्या पैशांनी, ₹४,८६,७४०. एकूण ₹७,०२,२४०. दुरुस्तीचा खर्च वॉरंटी नसती तरी झालाच असता, तो कशाला धरता, असं माझे मेहुणे मला सगळ्यांसमोर म्हणाले. हो, झाला असता. पण दोन वर्षं काही झालं तर खर्च आमचा, असं तोंडावर सांगितलं म्हणून मी पाच वर्षं जुन्या, ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणि एअर सस्पेन्शनच्या गाडीला ₹३४,७५,००० मोजले, नाहीतर नवी साधी गाडी घेतली असती. म्हणून तो आकडा मी धरतो आणि धरणारच.

आणि वॉरंटी घ्यायची ही कल्पना मुळात वाईट नव्हती, हे पण आधीच सांगतो, कारण घरात सगळे आता असं बोलतात जसं काही मी हौसेने पैसे उधळले. या गाड्यांमध्ये साधं काही नसतंच. एअर सस्पेन्शनच्या एका बाजूला हवा गळायला लागली की कंप्रेसर सारखा चालत राहतो आणि मग तोही जातो. टर्बो, डिझेलच्या गाडीत नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा), गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक (गिअर बदलण्याचं काम सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट), यातलं काहीही गेलं तर बिल लाखांतच बोलतं. कंपनीची मूळ वॉरंटी संपलेली. अशा वेळी माणूस संरक्षण शोधणार नाही तर काय करणार.

गाडी जुन्या गाड्यांच्या शोरूममधून घेतली. चकचकीत शोरूम, १२० पॉइंट तपासणीचा छापील कागद, सेल्सवाला सर सर करत मागे पुढे. वॉरंटीच्या माहितीपत्रकावर गाडीच्या कंपनीचा लोगो वरती, मोठा. मी सरळ विचारलं की ही कंपनीची वॉरंटी आहे ना, तर म्हणाला, 'सर, कुठल्याही ऑथराइज्ड वर्कशॉपमध्ये चालते.' आता नीट बघा, मी काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं. त्याने हो म्हटलंच नाही. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ते हो असंच ऐकू येतं, आणि तसं ऐकू यावं म्हणूनच ते वाक्य घोटून ठेवलेलं असतं.

यानंतरची पाच मिनिटं माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत. मी म्हटलं, अटींचं बुकलेट द्या, वाचतो. माझी नोकरी आयुष्यभर खरेदी विभागात गेली आहे, पुरवठादारांचे करार ओळ न ओळ वाचायचे हेच माझं काम होतं, त्यामुळे मी मागितलं नाही असं कोणी म्हणू नका. तो म्हणाला, 'सर, पेमेंट झालं की सिस्टीममधून आपोआप जनरेट होतं, तुमच्या ईमेलवर येईल.' बरं. मग मी बँकेच्या ॲपमध्ये पैसे पाठवायला खातं टाकलं तर समोर जे नाव आलं ते ना शोरूमचं, ना गाडीच्या कंपनीचं, तिसरंच कुठलं तरी 'सोल्युशन्स' वगैरे. माझा अंगठा थांबला होता हो, मला स्पष्ट आठवतं. मी विचारलं हे कोण, तो म्हणाला, 'आमचं वॉरंटी डेस्कच आहे सर, अकाउंट वेगळं ठेवलंय जीएसटीसाठी.' अटी आधी दाखवत नाहीत आणि पैसे भलत्याच नावाने घेतात, या दोन गोष्टी एकाच टेबलावर एकापाठोपाठ एक झाल्या. खरेदी विभागात एखाद्या पुरवठादाराने असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता. पण तिथे काय परिस्थिती होती तेही ऐका. गाडीचे पैसे गेलेले, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झालेल्या, बायको आणि मुलगी बाहेर गाडीजवळ उभ्या, आणि हा सांगतोय की वॉरंटी डिलिव्हरीच्या आधीच ॲक्टिव्ह होते, नंतर मिळणार नाही. त्यांनी वॉरंटीचा विषय मुद्दाम सगळ्यात शेवटी काढला, माणसाला उठून जाता येणार नाही अशा जागी. मी भरले. माझ्या जागी तुम्हीही भरले असते.

म्हणून आत्ताच सांगतो, गाडीचा टोकन द्यायच्या आधी वॉरंटीचं पूर्ण बुकलेट मागा, माहितीपत्रक नाही, बुकलेट. देत नसतील तर तो विषय तिथेच संपवा.

बुकलेट ईमेलवर आलं ते बारीक अक्षरातली भलीमोठी पीडीएफ. त्यात काय होतं ते मला गाडी बंद पडल्यावर खरं समजलं. या वॉरंट्या दोन प्रकारच्या असतात. एकीत जे वगळलंय तेवढं सोडून बाकी सगळं कव्हर, दुसरीत जे पार्ट यादीत लिहिलेत तेवढेच कव्हर. मला विकली ती दुसरी. गिअरबॉक्सच्या नावाखाली शाफ्ट, गिअर, बेअरिंग. म्हणजे जे सहसा जात नाही ते. एका क्लेमला मर्यादा ₹१,५०,०००, दोन वर्षांत मिळून ₹३,००,०००. तीन लाखांच्या वर काहीच नाही, त्यासाठी माझ्याकडून ₹१,६५,२०० घेतले! हा एक आकडा जरी त्या टेबलावर कोणी सांगितला असता तरी मी उठलो असतो. माहितीपत्रकावर 'संपूर्ण संरक्षण' छापलं होतं. मर्यादेचा आकडा कुठेही नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना झटका, मग स्क्रीनवर ट्रान्समिशनचा इशारा, आणि एक दिवस गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. ऑथराइज्ड वर्कशॉपने सांगितलं मेकॅट्रॉनिक युनिट आणि क्लच पॅक. मी वॉरंटीवाल्यांना फोन केला, क्लेम नंबर मिळाला, मला वाटलं चला, यासाठीच तर पैसे भरले. त्यांनी सांगितलं आधी गिअरबॉक्स खोला, आमचा माणूस बघेल, क्लेम मंजूर झाला तर खोलायचा खर्च पण आम्ही देऊ. ₹३८,५०० भरून खोलला. त्यांचा माणूस आलाच नाही, व्हिडिओ कॉलवर बघितलं, आणि मग ईमेल की क्लच पॅकची झीज ही 'नॉर्मल वेअर अँड टेअर'. मी विचारलं, आणि मेकॅट्रॉनिकचं काय, तर दुसरा ईमेल, तो इलेक्ट्रॉनिक पार्ट आहे, यादीत नाही. मी सर्व्हिसचे सगळे कागद पाठवले तर तिसरा ईमेल, की एक सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरच्या पुढे झालेली आहे म्हणून वॉरंटीच रद्द. ती सर्व्हिस कधीची? आधीच्या मालकाच्या वेळची! वॉरंटी विकायच्या आधीची! १२० पॉइंट तपासताना तीच सर्व्हिस हिस्टरी यांच्यासमोर होती, तेव्हा चालली, पैसे घेतले, आणि क्लेम आल्यावर तीच दाखवून वॉरंटी रद्द. मग रद्द आहे तर माझे पैसे परत द्या म्हटलं तर म्हणे, एकदा क्लेम नोंदवला की रिफंड नाही, कलम बघा. तेव्हापासून माझ्या डोक्यात आग आहे.

गिअरबॉक्स खोलायला कोणी सांगितलं तर आधी ईमेलवर लिहून घ्या की नाकारलं तर तो खर्च कोणाचा. खोललेला गिअरबॉक्स घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकत नाही, हे त्यांना माहीत असतं. आणि प्रत्येक नकार लेखी घ्या, फोनवरचं सगळं ते नंतर नाकारतात.

शोरूमला गेलो तर तो सेल्सवाला नोकरी सोडून गेलेला. मॅनेजर म्हणाला, 'वॉरंटी तिसऱ्या कंपनीची आहे, आम्ही फक्त मदत केली.' लोगोचं विचारलं तर म्हणाला तो कोणत्या गाडीसाठी आहे ते कळावं म्हणून असतो. गाडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरला चेसिस नंबर दिला, त्यांनी क्षणात सांगितलं की या नंबरवर आमची कुठलीही एक्स्टेंडेड वॉरंटी नाही. एक फोन. पैसे भरायच्या आधी तुम्ही हा फोन करा, किंवा कुठल्याही ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला जा आणि चेसिस नंबर टाकून बघायला सांगा. कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी साधारण मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, त्यामुळे मूळ वॉरंटी कधीच संपलेल्या गाडीवर कोणी 'कंपनीची' म्हणून विकत असेल तर तिथेच कान टवकारा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता सरकारी मदतीचं. पोलिसांकडे गेलो. तिथे साहेबांनी पहिलं पान पण पूर्ण वाचलं नाही, 'तुम्ही सही केली ना, पावती आहे ना, मग हे सिव्हिल मॅटर, ग्राहक कोर्टात जा.' म्हटलं साहेब, दुसऱ्या कंपनीचा लोगो छापून पैसे घेतले, याला फसवणूक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं. म्हणाले अर्ज ठेवून जा. अर्ज ठेवला, पोच घेतली, त्यानंतर त्या अर्जाचं काय झालं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

१९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. बोलणारी मुलगी चांगली होती, तिची काही चूक नाही. पण ते करतात काय, तर तुमची तक्रार त्या कंपनीकडे पाठवतात. कंपनीने उत्तर दिलं 'अटींनुसार क्लेम नाकारला आहे' आणि माझ्या तक्रारीचं स्टेटस झालं निकाली! कोणाच्या दृष्टीने निकाली? ज्याने पैसे खाल्ले त्याने उत्तर लिहिलं म्हणून माझा प्रश्न सुटला का? हेल्पलाइनला कोणाला भाग पाडायचा अधिकारच नाही, हे मला त्या निकाली शब्दानंतर समजलं. बुकलेटमध्ये मागे कुठेतरी एका इन्शुरन्स कंपनीचा उल्लेख होता, म्हणून विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाकलं. तिथून उत्तर, हा विमा नाही, सर्व्हिस करार आहे, आमच्याकडे येत नाही. इन्शुरन्स असला तरी ती पॉलिसी वॉरंटीवाल्यांच्या नावावर, माझ्या नावावर काहीच नाही. म्हणजे विकताना इन्शुरन्ससारखं विकायचं, हप्ता इन्शुरन्ससारखा घ्यायचा, आणि तक्रारीच्या वेळी तो इन्शुरन्स नसतो, म्हणून विमा लोकपालही नाही. या धंद्यावर नजर ठेवणारं नेमकं कोण आहे ते मला एकाही खिडकीवर कोणी सांगू शकलं नाही. प्रत्येक जण पुढची खिडकी दाखवतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ कागदावर वाचला तर वाटतं आपल्यासाठीच लिहिलाय. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने सहसा २१ दिवसांत ठरवायचं, समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५, आणि वस्तूची तपासणी लागणार नसेल तर नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करायचा. प्रत्यक्षात पहिल्या तारखेला समोरचा वकील मुदत मागतो, दुसऱ्या तारखेला सदस्य नाहीत म्हणून पुढची तारीख, त्यानंतर शोरूम आणि वॉरंटी कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पुन्हा पुढची तारीख. तीन महिने कधीच उलटून गेले. मी निवृत्त माणूस आहे, मी बसू शकतो त्या बाकावर. ज्याला रजा टाकून यावं लागतं तो दुसऱ्या तारखेलाच कंटाळून सोडून देतो, आणि समोरच्यांचा सगळा हिशेब त्यावरच बसलेला आहे. अजून एक, करारातली कलमंच अन्यायकारक आहेत म्हणून ती रद्द करा असं म्हणायचं असेल तर ते जिल्हा आयोगाच्या हातात नाही, त्यासाठी राज्य आयोग. हे मला वकिलाने केस टाकल्यावर सांगितलं. आता मी सेवेतली त्रुटी आणि खोटी जाहिरात यावर लढतोय.

घरी अजून मुलाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही. ज्या माणसाने दुसऱ्यांचे करार तपासण्यात आयुष्य काढलं त्याला असं गाठलं, ही गोष्ट नातेवाइकांत बोलायची म्हटली की मान खाली जाते, पण मी गुन्हा केलेला नाही. गुन्हा ज्यांनी केला ते आजही त्याच शोरूममध्ये तेच माहितीपत्रक वाटतायत, परवाच भाच्याने फोटो पाठवला, लोगो तसाच.

तरीही कोणाला बाहेरची वॉरंटी घ्यायचीच असेल तर बुकलेटमध्ये एका क्लेमची मर्यादा आणि एकूण मर्यादा आधी शोधा, मग हप्ता त्याच्याशी ताडून बघा. मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास हप्ता असेल तर ते पैसे तुमच्याच खात्यात वेगळे ठेवा, गाडी बिघडली तर वापरा, नाही बिघडली तर तुमचेच. पार्टच्या यादीत मेकॅट्रॉनिक, टर्बो, एअर सस्पेन्शनचा कंप्रेसर ही नावं आहेत का बघा, नसतील तर त्या वॉरंटीत तुमच्या कामाचं काही नाही. आधीच्या मालकाची सर्व्हिस हिस्टरी त्यांना ईमेल करा आणि 'ही बघून वॉरंटी देत आहोत' असं उत्तर मागवा. बँकेत येणारं खात्याचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव एक नसेल तर व्यवहार नको. आणि सेल्सवाल्याशी बोलणं व्हॉट्सॲपवर ठेवा, माझ्याकडे त्याचा एक मेसेज आहे, 'सर टेन्शन नको, इंजिन गिअरबॉक्स सगळं कव्हर', आज माझी अर्धी केस त्या एका मेसेजवर उभी आहे.

ज्यांचा क्लेम असाच नाकारलाय आणि जे फोन करत बसलेत त्यांनी फोन थांबवा. आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात आणि कंपनीचे लोक 'फेरविचार चालू आहे' म्हणत नेमकी तीच घालवतात. नकाराचा ईमेल प्रिंट करा, पैसे भरल्याचं बँक स्टेटमेंट, माहितीपत्रकाची मूळ प्रत, खोललेल्या गिअरबॉक्सचे फोटो, वर्कशॉपचं एस्टिमेट त्यांच्या शिक्क्यासकट, हे सगळं जोडून शोरूम आणि वॉरंटी कंपनी दोघांनाही केसमध्ये पार्टी, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याचं नाव सांगून सुटतो.