इंटरकूलर वर की पुढे? लँड क्रूझर ७९ चा सवाल

ऑस्ट्रेलियातल्या टोयोटा लँड क्रूझर ७९ च्या ४.५ लिटर व्ही८ डिझेलचा इंटरकूलर, म्हणजे टर्बो या हवा कोंबणाऱ्या पंपातून आलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी, इंजिनाच्या डोक्यावर असतो. वारा बॉनेटच्या स्कूपमधून, म्हणजे वरच्या उघड्या तोंडातून, येतो. तिथेच मोठा कोअर (जाळीचा गाभा) बसवला तर पाइप आखूड राहतात, टर्बो लगेच उठतो, बंपरमागे कापाकापी नाही. पण वाळूत लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हच्या हळू गिअरमध्ये, रखडत चाललात की स्कूपमध्ये वारा शिरतच नाही, शिवाय खालून इंजिनाची धग.

पुढचा इंटरकूलर ग्रिलमागे, थेट वाऱ्यात. कॅरॅव्हॅन ओढत लांब चढ चढायचा तर हाच उजवा. मात्र रेडिएटरचा वारा अडतो, पाइपचे जोड वाढतात. एक क्लॅम्प सैल झाला की बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, गळतो, मागून काळा धूर. चिखलही आधी त्यालाच. ट्यून न केलेल्या, म्हणजे ताकद न वाढवलेल्या, गाडीला मी तरी वरचाच मोठा घेईन.