सर्वांत थोर घोडी कोणती? ब्लॅक कॅव्हियार, विंक्स, झेन्याटा की एनेबल

२५ शर्यती आणि २५ विजय. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅक कॅव्हियारचा हा हिशेब एकदा ऐकला की तुलना करायचं कारणच उरत नाही, असं वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण गेल्या वीस वर्षांतली एकच घोडी निवडायची असेल, तर विजयांची बेरीज बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. ती किती अंतरावर पळाली, तिने कोणाला हरवलं आणि घरचं मैदान सोडून कुठे गेली? एवढं विचारलं की क्रम हलायला लागतो.

ब्लॅक कॅव्हियार ही निव्वळ वेगाची घोडी. तिच्या सगळ्या शर्यती १००० ते १४०० मीटरच्या. त्या अंतरावर तिच्या जवळपास फिरकणारं कोणी नव्हतं. २०११ मध्ये फ्लेमिंग्टनच्या न्यूमार्केट हँडिकॅपमध्ये पाठीवर ५८ किलो घेऊन ती जिंकली. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, ते त्याला इतरांच्या बरोबरीला आणण्यासाठीच. ती तरीही पुढे निघून गेली. तिची खरी कसोटी लागली २०१२ मध्ये इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅस्कॉटला. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली, अंगावर घट्ट बसणारा खास पोशाख घालून विमानातून आणलेली ही घोडी आघाडीवर होती. शर्यत जिंकलीच असं समजून जॉकी ल्यूक नोलनने शेवटच्या काही मीटरांत हात सैल सोडले, तिचा वेग मंदावला आणि फ्रान्सची मूनलाइट क्लाउड थेट तिच्या गळ्याशी येऊन भिडली. नोलनने पुन्हा हात हलवले आणि ती जेमतेम डोक्याच्या अंतराने वाचली. नंतर तपासणीत कळलं की तिचे स्नायू फाटले होते. काही जण या शर्यतीवरून तिचं मोल कमी करतात. मला मात्र तिच्या सगळ्या विजयांत हाच मोठा वाटतो.

विंक्सचा पल्ला याहून मोठा. १४०० मीटरपासून दोन हजारांच्या पुढेपर्यंत ती सारख्याच सहजतेने जिंकत गेली. ४३ शर्यतींत ३७ विजय, त्यातले शेवटचे ३३ सलग आणि २५ सर्वोच्च म्हणजे ग्रुप वन दर्जाचे. मूनी व्हॅलीची २०४० मीटरची कॉक्स प्लेट तिने २०१५ ते २०१८ अशी चार वेळा ओळीने घेतली, २०१६ मध्ये तर आठ लेंथने (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी). पण तिला ओळखायचं असेल तर ऑगस्ट २०१७ मधली रँडविकची वॉर्विक स्टेक्स बघा. गेट उघडलं तेव्हा ती जागीच राहिली आणि बाकीचे कितीतरी लेंथ पुढे गेले. जॉकी ह्यू बोमनने घाई केली नाही. सरळ पट्ट्यात ती एकेकाला गाठत आली आणि अगदी रेषेवर फॉक्सप्लेला नाकभर अंतराने मागे टाकलं. असं धैर्य शिकवून येत नाही.

विंक्सबद्दल माझी तक्रार एकच आहे. ती ऑस्ट्रेलियाबाहेर कधी पळालीच नाही. २०१८ च्या कॉक्स प्लेटमध्ये युरोपातून आलेल्या बेनबाटलला तिने हरवलं, हे खरं. पण तिथे बेनबाटल पाहुणा होता.

अमेरिकेची झेन्याटा आणि विंक्स यांचा बाप एकच, स्ट्रीट क्राय. दोघींची रीतही एकच: मागे राहायचं आणि शेवटी सगळ्यांना गिळायचं. झेन्याटा शर्यतीआधी पुढचा पाय उचलून जमिनीवर असा आपटत चालायची की नाचतेय असं वाटावं. २००९ मध्ये सँटा अनिटाला ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकणारी ती पहिली मादी. सलग १९ विजयांनंतर २०१० मध्ये चर्चिल डाउन्सला, कारकिर्दीच्या शेवटच्या शर्यतीत, ब्लेम या घोड्याकडून डोक्याच्या अंतराने हरली. तिच्या बहुतेक शर्यती कॅलिफोर्नियात कृत्रिम ट्रॅकवर झाल्या, हा आक्षेप रास्तच आहे. पण अनोळखी मातीवर, सर्वांत मागून येऊन, नरांविरुद्ध एवढ्या थोडक्यात हरणं ही माझ्या लेखी तिची सर्वोत्तम धाव.

एकाच मोसमाचा विचार करायचा असेल तर झेन्याटाच्याही वर मी रेचल अलेक्झांड्राला ठेवीन. २००९ मध्ये ती आठपैकी आठ शर्यती जिंकली. केंटकी ओक्स २० लेंथहून जास्त अंतराने. मग प्रीकनेस ही शर्यत, जी ८५ वर्षांत कोणत्याही फिलीने, म्हणजे तरुण मादीने, जिंकली नव्हती. तिथे जॉकी कॅल्व्हिन बोरेलने दोन आठवड्यांपूर्वी ज्याच्यावर केंटकी डर्बी जिंकली तो माइन दॅट बर्ड हा घोडा सोडला आणि रेचलवर बसला. तिच्या ताकदीची याहून मोठी पावती कोणती? झेन्याटा आणि ती मात्र कधीच समोरासमोर आल्या नाहीत. २०१० मध्ये ते जुळत आलं होतं, पण रेचल आधीची तयारीची शर्यत हरली आणि बेत बारगळला.

जपानच्या आमंड आयने २०१८ चा जपान कप २ मिनिटं २०.६ सेकंदांत, २४०० मीटरच्या तेव्हाच्या विश्वविक्रमी वेळेत मारला. फ्रान्सच्या गोल्डिकोव्हाने ब्रीडर्स कप माइल लागोपाठ तीन वर्षं घेतली. दोघीही थोरच, पण पहिल्या क्रमांकाच्या वादात मी त्यांना ओढत नाही.

मादीला वजनात सवलत मिळते, हा मुद्दा कोणीतरी काढतोच. ऑस्ट्रेलियात दोन किलो, आर्क या फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत दीड. पण ती या सगळ्यांनाच मिळाली, त्यामुळे आपसातल्या तुलनेत तिने काही बदलत नाही.

माझं मत इंग्लंडच्या एनेबलला. १९ शर्यतींत १५ विजय, म्हणजे आकड्यात ती इथल्या तिघींच्या मागे. पण इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, अमेरिका असे चार देश, आणि समोर युरोपातले सर्वोत्तम नर. २०१७ ची आर्क तिने शाँतिईला जिंकली. २०१८ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे उन्हाळा वाया गेला. सप्टेंबरमध्ये केम्प्टनला एकच शर्यत खेळून ती थेट लाँगशाँच्या आर्कमध्ये उतरली. फ्रँकी डेट्टोरीने सरळ पट्ट्यात तिला मोकळं सोडलं. सी ऑफ क्लास पार मागून वाऱ्यासारखी येत होती, आणि एनेबलकडे तेव्हा देण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. तरी ती मानेच्याही आत तगली. चार आठवड्यांनी अटलांटिकपार, चर्चिल डाउन्सच्या गवतावर, तिने ब्रीडर्स कप टर्फही घेतला. एकाच वर्षी या दोन्ही शर्यती तोवर कोणालाच जिंकता आल्या नव्हत्या, नरालाही नाही.

२०१९ मध्ये अ‍ॅस्कॉटच्या किंग जॉर्ज शर्यतीत क्रिस्टल ओशन हा घोडा बराच वेळ तिच्या खांद्याला खांदा लावून पळत होता. त्या वर्षीच्या जागतिक क्रमवारीत तो तिच्याच बरोबरीने अव्वल ठरला. सरळ पट्टाभर दोघं झुंजले आणि ती मानेने पुढे राहिली. तिसऱ्या आर्कच्या वेळी ओल्या जमिनीवर शेवटच्या काही मीटरांत वाल्डगाइस्टने तिला गाठलं. ती शर्यतही पाहा. हरताना ती आघाडीवरून हरली.