ब्रिटनमधला वॉरगेमिंग क्लब: काहीही विकत घेण्याआधी एकदा जाऊन या

लंडन, लेस्टर किंवा एडिनबर्गला नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी माणसाला टेबलावरच्या लढायांचा नाद लागला, की तो बहुधा दुकानापासून सुरुवात करतो. वॉरहॅमर या काल्पनिक युद्धाच्या खेळाची शंभर पौंडांच्या आसपासची ‘कॉम्बॅट पेट्रोल’ पेटी (एका छोट्या फौजेचे प्लॅस्टिकचे सैनिक) घेतो, दोन महिने रंगवतो, आणि मग कळतं की जवळच्या क्लबात सगळे नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळतात. क्रम उलटा हवा. आधी क्लब, मग सैन्य.

इथे परीक्षण आहे ते ब्रिटनमधल्या गावोगावी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या क्लबचं. जागा म्हणजे चर्चचा हॉल, स्काउटांची शेड किंवा एखाद्या सोशल क्लबाची वरची खोली. वेळ साधारण संध्याकाळी ७ ते १०.३०. पहिली एक-दोन वेळ बहुतेक ठिकाणी फुकट असते, त्यानंतर दर संध्याकाळी ३ ते ६ पौंड. काही क्लब शिवाय वार्षिक वर्गणी घेतात, त्यातून हॉलचं भाडं, विमा आणि टेबलावर मांडायच्या डोंगर-घरं-झाडांचा खर्च निघतो. सोळा वर्षांखालच्या मुलाला बहुधा पालकाशिवाय घेत नाहीत. मुलाला सोडून खरेदीला जाण्याचा बेत असेल, तर आधी विचारून घ्या.

क्लब चांगला की नाही, हे ओळखायला एकच खूण पुरते: दारातून आत आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कुणी येऊन तुम्हाला एखाद्या टेबलाशी नेतं का? चांगल्या क्लबात हे काम ठरलेल्या माणसाकडे असतं. तो तुमच्या हातात फासे देतो, एखाद्या मोठ्या लढाईतली एक तुकडी सांभाळायला देतो. नुसतंच ‘बघा हं, फिरून’ म्हणून सोडून देणारे क्लब वाईट नसतात, पण तिथे सगळे आपापल्या जोडीदाराबरोबर आठवडाभर आधी खेळ ठरवून आलेले असतात. नवख्याला वाटतं आपण नकोसे आहोत. तसं नसतं. पुढच्या वेळी कुणाबरोबर, कोणता खेळ, किती पॉइंटचा (पॉइंट म्हणजे प्रत्येक तुकडीची किंमत, त्यांच्या बेरजेने सैन्याचा आकार ठरतो), हे त्याच रात्री निघण्यापूर्वी ठरवून टाका. न ठरवता गेलेली दुसरी संध्याकाळ हमखास वाया जाते.

पॉइंटचा हिशेब नीट समजून घ्या. वॉरहॅमर ४०,०००च्या दहाव्या आवृत्तीत (२०२३) दोन हजार पॉइंटच्या खेळाला ४४ बाय ६० इंचांचं टेबल लागतं. हॉलमधली घडीची टेबलं सहसा ६ बाय अडीच फुटांची. दोन जोडली की ७२ बाय ६० इंच जागा होते. म्हणजे लांबीत १२ इंच उरतात, तिथे फासे टाकायचे आणि मेलेले सैनिक ठेवायचे. जागा पुरते, वेळ पुरत नाही. ७ वाजता दार उघडतं, मांडामांड होईपर्यंत ७.३० होतात, १०.१५ला आवरायला लागावं लागतं. हातात राहिले पावणेतीन तास. दोन नवखे त्यात दोन हजार पॉइंटच्या पाच फेऱ्या पूर्ण करू शकत नाहीत, तिसऱ्या फेरीतच हॉल बंद होतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने एक हजार पॉइंट किंवा ‘कॉम्बॅट पेट्रोल’ (एकाच पेटीतल्या सैन्याचा छोटा खेळ) एवढंच खेळा. ‘कॉम्बॅट पेट्रोल’ला ४४ बाय ३० इंच पुरतात, म्हणजे त्याच जागेत दोन खेळ लागतात आणि क्लबही खूश.

याहून आटोपशीर हवं असेल तर ‘डीबीए’ (डी बेलिस अँटिक्विटॅटिस, प्राचीन-मध्ययुगीन लढायांचे नियम) बघा. प्रत्येक बाजूला बारा पट्ट्या (एका पट्टीवर चिकटवलेले सैनिक म्हणजे एक तुकडी), १५ मिलिमीटरचे सैनिक, दोन फूट चौरस मैदान, आणि तासाभरात निकाल. अख्खं सैन्य बुटांच्या खोक्यात मावतं. नव्या माणसाला एका संध्याकाळी दोन लढाया खेळायला मिळतात, आणि पहिलीत केलेली चूक दुसरीत सुधारता येते. शिकण्यासाठी याहून चांगला खेळ मिळणं कठीण.

सोबत काय न्यावं? पहिल्या दिवशी काहीच नको. दुसऱ्यांदा: इंचांचा टेप (खेळ इंचांतच मोजतात), सहा बाजूंचे वीसेक फासे, सैन्याची छापील यादी, सुपरग्लू, आणि सुट्टी नाणी. सुपरग्लू का, तर प्लॅस्टिक जोडण्याचा पातळ सिमेंट पॉलिस्टायरीन वितळवून चिकटवतो. धातू किंवा रेझिनच्या सैनिकावर तो काहीच करत नाही. हॉलमध्ये भाला तुटला तर सुपरग्लूच कामाला येतो.

ने-आण करताना सर्वांत जास्त नुकसान होतं. फोमच्या खाचांत रंग घासला जातो, टोकदार शस्त्रं वाकतात. त्यापेक्षा प्रत्येक बेसखाली (सैनिक ज्यावर उभा असतो ती चकती) छोटं निओडिमियम चुंबक चिकटवा आणि झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत तळाला लोखंडी पत्रा बसवा. चुंबक बेसच्या काठाखाली आलं तर सैनिक डुगडुगतो आणि जास्त खोल बसलं तर पत्र्याला धरत नाही. अगदी समपातळीत हवं. धातूच्या जड सैनिकाला एक पुरत नाही, दोन लावा. शेवटी व्हार्निशचा हात द्या, पण पावसाळी, दमट दिवशी स्प्रे मारू नका. ओल अडकून रंगावर पांढुरकं धुकं धरतं, आणि ब्रिटनमध्ये असे दिवस भरपूर.

शिष्टाचार थोडे आहेत, पण पक्के. दुसऱ्याचा सैनिक विचारल्याशिवाय उचलायचा नाही. फासा तिरका पडला किंवा जमिनीवर गेला तर पुन्हा टाकायचा की नाही, हे पहिल्या फेरीआधीच ठरवायचं. हलवण्याआधी हेतू बोलून दाखवायचा: ‘हा त्या भिंतीआड लपतोय, तुझ्या तोफेला दिसू नये म्हणून.’ निम्मे वाद इथेच मिटतात. वॉरहॅमरच्या स्वतःच्या दुकानांतल्या टेबलांवर फक्त त्यांचेच सैनिक चालतात. क्लबात दुसऱ्या कंपनीचे किंवा घरी थ्रीडी प्रिंट केलेले सैनिकही बहुधा चालतात, मात्र कोण कशाच्या जागी उभा आहे ते सुरुवातीलाच सांगा.

ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्या क्लबात आपल्यासाठी एक जवळची गोष्ट आहे: असई. २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात ब्रिटिश सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर केलेला हल्ला. ब्रिटिश खेळाडूंना तो ठाऊक असतो, कारण वेलस्लीच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन झाला. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे तिथे उतार (पायी नदी ओलांडायची जागा) असणारच, हा त्याचा तर्क बरोबर निघाला. त्यामुळे खेळात पहिला प्रश्न तोच: मराठा बाजूच्या खेळाडूला त्या उतारावर आधीच फौज ठेवू द्यायची का? दिली तर लढाई सुरू होण्याआधी संपते. प्रत्यक्षात मराठा घोडदळाने फारसा भाग घेतला नाही, टेबलावर मात्र ते मोकळं सोडलं तर वेलस्ली हरतोच. म्हणून घोडदळाची हालचाल फाशावर बांधून ठेवतात, ते योग्यच आहे. खटकतं ते दुसरं. काही नियमांत मराठा पायदळाला सरसकट ‘अनियमित’ (कवायत न शिकलेलं) धरतात. शिंद्यांच्या नोकरीतला जर्मन अधिकारी पोलमन याच्या हाताखालचे कंपू (पलटणींचे गट) कवायती होते, वेलस्ली बगलेवर येताच त्यांनी अख्खी फळी वळवली, आणि गोलंदाज तोफांपाशी लढत मेले. ब्रिटिशांचे दीड हजारांहून अधिक लोक त्या दिवशी पडले वा जखमी झाले. अनियमित फौजेकडून असं होत नाही. असा मुद्दा आकड्यांसह मांडला की क्लबातले लोक ऐकतात, खेळात त्या पायदळाला दिलेले गुणही बदलून देतात.

क्लब शोधायला सोपी जागा म्हणजे प्रदर्शनं. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स हा क्लब १९७२पासून ‘सॅल्यूट’ भरवतो, हल्ली लंडनच्या एक्सेल या प्रदर्शन केंद्रात, सहसा एप्रिलात. तिथे वेगवेगळे क्लब येणाऱ्या-जाणाऱ्याला खेळात घेणारी टेबलं मांडतात. पंधरा-वीस मिनिटं खेळा, माणसं पारखा, आणि त्यांची बैठक कोणत्या वारी, कुठे भरते ते तिथेच विचारून घ्या.