आजोबांच्या कबरीचा 'सातबारा'

आईचे वडील १९६२ साली मुंबईत वारले आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना माती दिली, एवढेच आमच्या घरात ठाऊक होते. कबर कोणत्या भागात आहे, तिचा क्रमांक काय, पावती कोणाकडे आहे, हे सांगू शकणारे मामा आता हयात नाहीत. आईने एक्याऐंशी पूर्ण केल्यावर आपल्याला वडिलांच्याच कबरीत ठेवावे असे ती वारंवार बोलू लागली, आणि त्या घाईत मी एका मध्यस्थाच्या हाती २८,५०० रुपये दिले.

हा गृहस्थ एका नातेवाइकाच्या ओळखीने आला होता. जुनी दप्तरे लंडनला गेली असल्याने शोध खर्चिक आहे, असे त्याने सुरुवातीलाच सांगितले. हे अर्धसत्य होते, कारण स्वातंत्र्यपूर्व मुंबई इलाख्यातील अनेक चर्चच्या दफन-नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत खऱ्या, परंतु १९६२च्या दफनाशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही. आठ दिवसांनी त्याने शेवाळलेल्या, वरचा भाग तुटलेल्या एका थडग्याचे छायाचित्र पाठवले. त्यावर फक्त आडनाव वाचता येत होते, आणि आजोबांचे आडनाव गायकवाड-साळव्यांइतकेच सर्रास आढळणारे आहे. तरीही छायाचित्र पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि माझ्या शंका तिथेच संपल्या.

शोधाचे ३,५०० रुपये मी आधीच दिले होते. त्यानंतर थकलेल्या देखभालीचे १०,००० आणि कबर 'नावावर करण्याचे' १५,००० त्याने मागितले. सर्व रक्कम त्याच्या वैयक्तिक खात्यात गेली व एकाही रकमेची पावती मिळाली नाही. शेवटी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यासह, आई त्या जागेची ९९ वर्षांसाठी मालक असल्याचा कागद हाती आला. "हा कबरीचा सातबाराच समजा," असे तो म्हणाला.

कागद दाखवायला गेलो तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी तो उघडण्यापूर्वीच विचारले, "आजोबा कोणत्या मंडळीचे सभासद होते?" हा प्रश्न मला दोन महिन्यांत एकदाही सुचला नव्हता. त्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या नोंदवहीत आजोबांचे नाव, वय, व्यवसाय, दफनाची तारीख आणि विधी करणाऱ्या पाळकांचे नाव अर्ध्या तासात सापडले, आणि त्या तारखेवरून दफनभूमीच्या कार्यालयातील नोंदही मिळाली. आजोबांची कबर साधी होती. अशी कबर ठरावीक मुदतीनंतर पुन्हा वापरली जाते. घरच्यांनी भिंतीतला कोनाडा, म्हणजे 'निश', घेतला असेल तर अस्थी तिथे ठेवतात, नाहीतर सामाईक जागेत. म्हणजे नावावर करण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. छायाचित्रातले थडगे कोणाचे, हे गवतात पडलेल्या त्याच्या तुटलेल्या तुकड्यावरून समजले: ते त्याच आडनावाच्या दुसऱ्याच कुटुंबाचे होते. त्या कागदाच्या भरवशावर आम्ही उद्या तिथे खोदायला निघालो असतो, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

पक्की कौटुंबिक कबर असती तरी तो कागद निरर्थकच ठरला असता. अशा कबरीत जमीन विकत मिळत नाही. मिळतो तो तिथे दफन करण्याचा आणि दगड बसवण्याचा, नियमांनी बांधलेला हक्क. वारसाच्या नावे त्याची नोंद व्हायची असेल तर ती दफनभूमी चालवणाऱ्या संस्थेच्या वहीतच होते आणि त्यासाठी मूळ पावती, मृत्यूचे दाखले व इतर वारसांची संमती लागते. मध्यस्थाने माझ्या मावशीचे नावही विचारले नव्हते, तिथेच मी सावध व्हायला हवे होते. राहिला शिक्का, नोटरी समोर झालेली सही साक्षांकित करतो, लिहून देणाऱ्याला त्या वस्तूवर हक्क आहे की नाही हे तो ठरवत नाही.

फसवणूक व बनावट दस्तऐवजाची तक्रार मी पोलीस ठाण्यात दिली आहे. पैसे ऑनलाइन गेले असल्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावरही कळवले, मात्र ते पहिल्याच दिवशी केले असते तर खात्यातली रक्कम गोठवता येण्याची काही आशा होती; मी कळवले तेव्हा खाते रिकामे होते. मूळ कागद आता पोलिसांकडे आहे. त्याची छायाप्रत आईने चष्मा लावून एकदा पूर्ण वाचली आणि ९९ वर्षांनंतर आपल्याला कुठे हलवणार होते, असे मला विचारले.